हवामानाची सभा आणि हिराक्काचा दोर

माइक हातात आला की माणूस आधी त्याच्यावर टिचकी मारतो आणि मग त्यात फुंकर घालतो. नवरदेवाचा मामा असो नाहीतर जिल्ह्याहून आलेला मोठा साहेब, यात फरक नाही. छत्तीस वर्षं मी पारोळ्यात लाऊडस्पीकरचा धंदा केला. त्यातली दोन-तीन वर्षं तरी नुसतं "फुंकू नका, आतला पडदा फाटतो" हे सांगण्यात गेली असतील. शेवटी मी माइकच्या दांड्यावर चिठ्ठी चिकटवली, 'फुंकू नये'. लोक ती चिठ्ठी मोठ्याने वाचायचे आणि फुंकायचे.

आमच्या धंद्यात वस्तू तीनच. बोलायचा माइक, आवाज वाढवायची मशीन आणि खांबाला बांधायचा भोंगा. माइकला स्वतःचाच भोंगा ऐकू येता कामा नये, हा पहिला नियम. तो ऐकू आला की आवाज पुन्हा मशिनीत शिरतो, तिथून पुन्हा भोंग्यात, तिथून पुन्हा माइकात, आणि कान फाटेल अशी शिटी वाजते. व्याह्याव्याह्यांच्या भांडणासारखं आहे हे. सुरुवात कोणी केली ते सापडत नाही.

आणखी एक गोष्ट बाहेरच्या माणसाला माहीत नसते. सभेत सगळ्यात कमी बोलणारा माणूस मशिनीपाशी बसलेला असतो, पण कोणाचं किती ऐकू जायचं ते त्याच्या अंगठ्याखाली असतं. एक गोल बटण असतं. ते हळूच डावीकडे फिरवलं की भला भला वक्ता नुसतं तोंड हलवत उभा राहतो. मग मशीनवाल्याने घाबऱ्याघुबऱ्या उठायचं, दोन-तीन वायरी ओढून बघायच्या आणि म्हणायचं, "वायर लूज झाली वाटतं." हे मी केलेलं आहे. किती वेळा ते विचारू नका. एका वेळेचं पुढे सांगणारच आहे.

हवामान माझ्या धंद्यात उशिरा आलं. आधी लग्नं, सप्ताह, निवडणुका आणि हरवलेल्या म्हशी यांच्यावर माझं घर चाललं. मग दहा-बारा वर्षांपूर्वी अचानक सरकारी कार्यक्रम वाढले आणि प्रत्येक बॅनरवर 'हवामान बदल' दिसायला लागलं. रिक्षावर भोंगा बांधून मी गावोगाव पुकारत फिरायचो, "उद्या सकाळी दहा वाजता हवामान बदलाबाबत सभा आहे हो!" एका गावात एका आजोबांनी रिक्षा थांबवली. काठी टेकवत जवळ आले आणि विचारलं, "हवामान बदली दी राह्यनात का भाऊ?"

मी म्हटलं, "हो आबा, त्याचीच सभा आहे."

"मंग आमले नाशिकनं द्या."

ती मागणी मी दुसऱ्या दिवशी साहेबांच्या कानावर घातली. ते हसले नाहीत, त्यांनी वहीत लिहून घेतली.

'उष्णतेपासून बचाव' नावाचा एक कार्यक्रम भर मे महिन्यात, दुपारी एक वाजता, पत्र्याच्या शेडखाली ठेवला होता. व्यासपीठावरचे डॉक्टर ऊन लागण्याची लक्षणं सांगत होते. आधी अंग तापतं, मग डोळ्यांपुढे अंधारी येते, मग माणूस पडतो. त्याच क्रमाने माझी मशीन गेली. आधी तापली, मग लाल दिवा मिणमिणला, मग बंद. डॉक्टरांना कळलंच नाही, ते बोलतच राहिले. मी मशीन सावलीत नेऊन कार्यक्रमाच्या पत्रकांनी तिला वारा घातला. त्या पत्रकांचा तेवढाच उपयोग माझ्या पाहण्यात आला.

पण मला सांगायचं आहे ते एका गावाबद्दल. पारोळ्याहून धुळ्याकडे निघालं की रस्त्याच्या आत वळून ते लागतं. जळगाव जिल्ह्यात आहे की धुळे जिल्ह्यात, हे मी सांगणार नाही. माझं अजून त्या रस्त्याने येणं-जाणं आहे.

त्या गावाला हवामानाच्या योजनेतून चार कामं मिळाली होती. वरच्या अंगाचा नाला खोल करून त्यावर जागोजागी बांध घालायचे होते, गायरानावर झाडं लावायची होती, गल्लीत सौरदिवे आणि शाळेच्या छतावर वारा-पाऊस मोजायचं एक यंत्र बसवायचं होतं. कामं झाली, पाट्या लागल्या. पाट्यांवर खर्चाचा आकडा असतो. तो आकडा पहिल्याच पावसाळ्यात धुऊन गेला. शेजारची उद्घाटनाची नावं मात्र ठसठशीत राहिली. मग एकूण खर्च किती, हे जो तो आपल्या मनाने सांगू लागला. खालच्या गल्लीत जो आकडा ऐकू यायचा, तो वरच्या गल्लीपर्यंत जाताना दुप्पट व्हायचा.

गावात दोन तट. एक सरपंच भटू आबांचा. त्यांच्या मते गाव हिरवंगार झालं होतं. दुसरा दगा भाऊंचा. दगा भाऊ मागच्या निवडणुकीत थोडक्यात पडलेले, त्यामुळे त्यांना गावात हिरवं काही दिसत नव्हतं. वर्षभर मोबाइलवर भांडण चाललं. एका बाजूने नाल्याचे फोटो, दुसऱ्या बाजूने वाळक्या काड्यांचे. अखेर तक्रार वर गेली आणि वरून एक तरुण साहेब आले. म्हणाले, समोरासमोर होऊन जाऊ द्या. सगळ्या गावाला बोलवा, खर्चाचं काय झालं ते माइकवर बोला.

तारीख ठरली ती आखाजी होऊन गेल्यावरची. आखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, खानदेशातला लेकीबाळींचा मोठा सण. सोसायटीच्या गोदामासमोर मंडप पडला. मी सकाळी भोंगा बांधत होतो तेव्हा भटू आबा आले. त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि मशिनीवर प्रेमाने हात फिरवला.

"वसंत नाना, तुमनी मशीन जुनी शे ना?"

"शे."

"मंग एखांदी येळ वायर लूज व्हस?"

"व्हस."

"हिराक्का बोलाले उभी राहिनी का व्हऊ द्या."

मी "बरं" म्हटलं. ते गेले आणि अर्ध्या तासाने दगा भाऊ आले.

"नाना, आज वायर लूज नका व्हऊ देऊ. हिराक्का बोलनी का भटू आबानं सरनं!"

त्यांनाही मी "बरं" म्हटलं. धंदेवाल्याचं 'बरं' हे होकार नसतं, नकारही नसतं. समोरचा माणूस समाधानाने जावा एवढ्यासाठी ते असतं.

हिराक्का कोण ते सांगायला हवं. वय सत्तरीच्या पुढे, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आवाज असा की माझा भोंगा तिच्यापुढे शोभेचा. नाल्याच्या खालच्या बाजूला तिची विहीर आणि शेत. गावात कोणाच्या तोंडावर काय बोलायचं याची तिला भीड नव्हती. ती सौरदिव्यांबद्दल बोलली होती, झाडांबद्दल बोलली होती, आणि नाला खणताना यंत्राने तिच्या बांधावरचं निंबाचं झाड पाडलं तेव्हा जे बोलली होती ते या अंकात छापता येणार नाही. ती आज सरपंचांना सोलून काढणार, याबद्दल दोन्ही तटांचं एकमत होतं.

मला तिची वेगळी भीती होती. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी याच गावात बंधारा कुठे बांधायचा यावर सभा झाली होती. तेव्हाचे पुढारी दुसरे. हिराक्काचे मालक, रामदास आप्पा, उभे राहिले आणि बंधाऱ्याची जागा चुकते आहे, पाणी तिथे ठरणार नाही, असं शांतपणे सांगू लागले. पुढाऱ्यांनी माझ्याकडे बघून नाक खाजवलं. मी बटण फिरवलं. आप्पा बराच वेळ बोलत राहिले. मागचे लोक हसायला लागले तेव्हा त्यांना कळलं. त्यांनी माइककडे पाहिलं, तो खांद्यावरच्या उपरण्याने पुसला, जागेवर ठेवला आणि घरी गेले. पुन्हा ते कोणत्याही सभेत बोलले नाहीत. बंधारा पुढाऱ्यांच्या जागेवर झाला. अजून आहे. त्यात पाणी सोडून सगळं साठतं.

सभा सुरू व्हायच्या आधी हिराक्का आली. पाठोपाठ दोन सुना. थोरल्या सुनेच्या डोक्यावर घमेलं आणि त्यावर ओलं पोतं झाकलेलं. बायका बसल्या होत्या तिकडे न जाता अक्का थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"वसंता, माईक चालू शे का?"

"शे अक्का."

"मना मालकनी येळले बी चालू व्हता."

मी वायरींकडे बघू लागलो. सगळ्या घट्ट होत्या. शेवटी म्हणालो, "अक्का, तो मी बंद करं व्हता."

"माले माहीत शे. त्यासले बी माहीत व्हतं." ती माझ्या सामानाच्या पेटीवर ऐसपैस बसली. "घर उनात ना, ते म्हनेत, राहू दे, मशीनवालाले बी पोट शे. माले तुना इतका राग उना व्हता! पन त्यासनी बोलू दिधं नई."

मला आयुष्यात पुष्कळांनी शिव्या दिल्या. लग्नात गाणं चुकलं म्हणून, निवडणुकीत नाव चुकलं म्हणून. त्या सगळ्या मी विसरलो. हे वाक्य विसरलो नाही.

"आज मी आठेच बससू," अक्का म्हणाली, "तुन्या बटनजोडे."

सभा सुरू झाली. भटू आबांनी माइकवर टिचकी मारली, फुंकर घातली आणि अस्खलित छापील मराठीत कामांची माहिती दिली. माणूस माइकवर शुद्ध बोलतो आणि खरं बोलायला लागला की अहिराणीत उतरतो, हे माझं छत्तीस वर्षांचं निरीक्षण आहे. मग ग्रामसेवकांनी पडद्यावर फोटो दाखवले. गायरानावरच्या झाडांचा फोटो आला. टवटवीत रोपं, हिरवा उतार, मागे डोंगर. लोक गप्प झाले, कारण तो फोटो छानच होता. मग मागून एकजण म्हणाला, "हाई नारळनं झाड कोनं शे?"

सगळ्यांनी मान पुढे काढली. डोंगराच्या कडेला नारळाचं झाड डुलत होतं. आमच्याकडे नारळ देवळात फुटतो, झाडाला लागत नाही. ग्रामसेवक घसा साफ करून म्हणाले, "फोटो प्रातिनिधिक आहे."

"मंग झाडं बी प्रातिनिधिक शेत का?" दगा भाऊंनी उठून विचारलं आणि मंडप दणाणला.

त्यानंतर यंत्राची पाळी आली. साहेबांनी त्या यंत्राच्या नोंदी काढून आणल्या होत्या. पाऊस बरोबर नोंदला होता. वारा मात्र गेल्या वर्षभरात शून्य. साहेब तरुण आणि प्रामाणिक होते. त्यांनी तसंच वाचून दाखवलं, "नोंदीनुसार गावात वर्षभर वारा वाहिलेला नाही."

दगा भाऊ पुन्हा उठले. "साहेब, वारा नई व्हता, मंग मना गोठाना पत्रा कोनी उडावा? भटू आबानी?"

चौकशीत निघालं की वारा मोजायच्या वाट्या शाळेच्या क्रिकेटमध्ये एका षटकाराने गेल्या होत्या. हेडमास्तरांनी त्याचं पत्र पाठवलं होतं. पत्र कुठे गेलं ते कोणालाच माहीत नव्हतं. साहेबांनी त्याचीही नोंद घेतली.

अशी तासभर गंमत चालली. दगा भाऊंचा तट फुलून आला होता. 'सगळा पैसा पाण्यात गेला' असं एकाने म्हटल्यावर दुसरा म्हणाला, "पानीमा गया असता ते बरं व्हतं, पानी तरी दिसतं." टाळ्या पडत होत्या. साहेब घामाघूम. तेवढ्यात अक्का पेटीवरून उठली.

"माईक दे."

मी म्हटलं, "अक्का, तिकडे टेबलापाशी जाऊन..."

"मी आठूनच बोलसू."

आता पंचाईत झाली. भोंगा माझ्या डोक्यावरच्या खांबाला होता, तोंड खाली मंडपाकडे. अक्काने माइक तोंडाशी धरला आणि कानाचे पडदे फाडणारी शिटी वाजली. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने दोन्ही कान धरून राम राम म्हटलं. अक्काने माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघितलं.

"करं ना तू पुन्हा?"

"अक्का, देवाशपथ, मी काही नाही केलं! माइकला भोंगा ऐकू येतो आहे."

"मंग तेनं तोंड फिराव!"

मी सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांचा माणूस धोतर... नव्हे, पायजमा सावरत खांबावर चढलो आणि सगळ्या सभेसमोर भोंग्याचं तोंड वरच्या गल्लीकडे फिरवलं. उतरताना भटू आबांकडे नजर गेली. ते एकसारखे खोकत होते. तो खोकला मला कळला. माझा अंगठा बटणावर होता, पण अंगठ्याच्या शेजारी अक्काचा गुडघा होता. खरं सांगू? गुडघा नसता तरी त्या दिवशी मी फिरवलं नसतं. निदान असं मला वाटतं. परीक्षा झाली नाही हे बरं.

अक्का बोलायला लागली. आधी झाडं काढली. "गायरानवर खड्डा खंदात, रोपं लायात, फोटो काढात. पानी कोन टाकी? ते कोनी सांगं नई. एक झाड जित्तं शे तठे, ते बी बाभूयनं, ते आपलं आपन उगनं." सौरदिवे काढले. "दिवसले दिवा चालू ऱ्हास, रातले बंद. तो काय सूर्यले दिवा दखाडस?" लोक मांडीवर थापा मारून हसत होते. दगा भाऊ तर उभे राहून टाळ्या वाजवत होते. भटू आबांचा खोकला आता खरा व्हायला लागला होता.

मग तिने सुनेला खूण केली. सुनेने पोतं काढलं. घमेल्यात दोराचं वेटोळं होतं, जाड, काळपट, अर्धं अजून ओलं.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे विहिरीत पाण्याची मोटर दोराने टांगतात. विहिरीवर एक लोखंडी आडवा दांडा असतो, त्याला दोर बांधायचा. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की दोर सैल करून मोटर आणखी खाली सोडायची. हिराक्का दर आखाजीला मोटर पाण्याच्या बेताने टांगायची आणि दांड्यापाशी दोर जिथे येईल तिथे जुन्या लुगड्याची चिंधी बांधून ठेवायची. का, तर सासू बांधायची म्हणून. सासूच्या वेळी मोट होती, हिच्या वेळी मोटर आली, चिंधी चालू राहिली. त्या सकाळी तिने मुलांकरवी मोटर वर काढवली होती आणि दोर सोडवून आणला होता. भर उन्हाळ्यात तिच्या लिंबांना त्या दिवशी पाणी मिळालं नाही.

सुनांनी दोर जमिनीवर पसरायला घेतला. मोटरकडचं टोक माझ्या मशिनीपाशी. तिथून दोर माणसांमधून निघाला. लोक पाय उचलून वाट देत होते.

"देखा," अक्का म्हणाली. "चिंधी मशीनजोडे, तं पानी वर. चिंधी लांब, तं पानी खोल. हाई लाल, मन्या लहानी पोरनं लगीन व्हतं ते साल." लाल चिंधी साहेबांच्या टेबलापाशी होती. त्यापुढची निळी, तीन रांगा मागे. त्यापुढची जांभळी, आणखी मागे. "हाई धवळी, मालक गयात ते साल." पांढरी चिंधी बायकांच्याही मागे गेली होती. आणि सगळ्यात लांबची पार गोदामाच्या दाराशी, जिथे विडी ओढणारे बसले होते. एका म्हाताऱ्याने ती हातात घेऊन पाहिली आणि विडी विझवली. आपलं पाणी किती खाली गेलं, हे गावाने पहिल्यांदाच असं जमिनीवर आडवं पडलेलं पाहिलं.

"आते नाला व्हयना त्यानंतरन्या दोन चिंध्या देखा. दोन्ही हिरव्या."

सगळे गोदामाच्या पलीकडे शोधायला लागले. हिरव्या चिंध्या तिथे नव्हत्या. त्या उलट फिरून पांढरीच्या, जांभळीच्या अलीकडे, निळीजवळ येऊन बसल्या होत्या.

"नालानं काम खरं शे," अक्का माइकवर म्हणाली. "पानी वर उनं."

टाळ्या वाजवण्यासाठी उचललेले दगा भाऊंचे हात तसेच राहिले. त्यांच्या मागचे दोघंतिघं माझ्याकडे बघून हातवारे करू लागले. एकाने तर हळूच ओरडून सांगितलं, "नाना! वायर!" एकाच सभेत दोन्ही तटांना एकाच बाईचा आवाज बंद करायचा होता, असं माझ्या धंद्यात एकदाच झालं.

साहेबांनी हात वर केला. "अक्का, एक विचारू? ही दोन वर्षं पाऊसही बरा झाला. पाणी पावसाने वाढलं की नाल्याने?"

प्रश्न चांगला होता. दगा भाऊंचा चेहरा पुन्हा खुलला. अक्का वाकत वाकत दोराच्या कडेने चालत गेली आणि एक पिवळी चिंधी उचलली. ती पांढरीच्या जवळच होती.

"हाई पिवळी कवळनी शे? पुलवरतीन पानी गयं व्हतं, आठ दिन यष्टी बंद व्हती. इसरनात का?"

कोणी विसरलं नव्हतं. एवढा पाऊस गावाने त्याआधी आणि त्यानंतर पाहिला नव्हता.

"इतला पानी पडना, तरी आखाजीले इहीर खालेच. पानी उनं आनी निंघी गयं. तवळ नाला नई व्हता."

साहेबांनी वही बंद केली, पुन्हा उघडली, आणि बराच वेळ लिहीत राहिले.

"चिंधीना काय पुरावा?" दगा भाऊ म्हणाले, पण बसल्या बसल्या.

"तुनी इहीर मन्या बांधले लागीन शे दगा. तू सांग. यंदा मोटर किती खाले सोडी?"

दगा भाऊ काहीतरी पुटपुटले. साहेब म्हणाले, "माइकवर सांगा." माइक त्यांच्याकडे गेला. ते भांडखोर होते, पण खोटं बोलणारे नव्हते. विहीर सगळ्या गावाला दिसते, तिथे खोटं बोलताही येत नाही.

"नई सोडी," ते म्हणाले. "यंदा सोडनीच पडनी नई."

भोंग्याचं तोंड वरच्या गल्लीकडे होतं. दगा भाऊंचं घर तिथेच. त्यांच्या बायकोने घरी बसून ते ऐकलं आणि पुढे पंधरा दिवस त्यांना जेवताना ऐकवलं, असं कळलं.

आता भटू आबा हसतमुखाने उठले. "आदरणीय हिराक्कांनी आज जे सत्य..."

"बस खाले," अक्का म्हणाली. "मनं आखो सरनं नई. नाला खरा शे, पन तेनामांगे झाडं लपाडू नको. एक काम बरं व्हयनं म्हनीसन दुसरं माफ व्हत नई. झाडं कोठे गयात ते सांग."

आबा उभेच होते. त्यांनी माइक घेतला. सवयीने फुंकर घालायला गेले आणि थांबले. मग अहिराणीत बोलले. "मी पानी टाकाले मानूस लावा नई, अक्का. मन्हं चुकनं. फोटो काढा आनी मी समजनू काम व्हई गयं."

पुढाऱ्याने माइकवर 'माझं चुकलं' म्हटलेलं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मशीन बिघडली की काय म्हणून मी एकदा बटण बघून घेतलं.

साहेबांनी ठराव लिहिला. झाडं पुन्हा लावायची, कमी लावायची, पण पाणी घालायला बायकांच्या गटाला काम द्यायचं. दर आखाजीला गावातल्या दहा विहिरी दोराने मोजायच्या आणि पंचायतीच्या भिंतीवर लिहायचं. नाल्यातला गाळ दरवर्षी काढायचा. ठरावातलं पहिलं बरंचसं झालं. निम्मी झाडं जगली, उरलेली शेळ्यांनी खाल्ली. दिवे अजून दिवसा लागतात. साहेबांची बदली झाली, आणि जाताना वाऱ्याच्या वाट्या बसवून गेले, त्यामुळे आता गावात अधिकृतपणे वारा आहे.

पुढच्या आखाजीला हिराक्काने मला जेवायला बोलावलं. मशीन न घेता त्या गावात जायची माझी पहिलीच वेळ. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस झाला. माहेरी आलेल्या मुली झोक्यावर गाणी म्हणत होत्या, आणि आम्ही विहिरीवर गेलो. मोजणीला भटू आबा आले होते, दगा भाऊही आले होते. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. मोटर खाली सोडावी लागणार हे वरून बघूनच कळत होतं.

अक्काची मुलं बाजाराला गेलेली. आबा, दगा भाऊ आणि मी अशा तिघांनी दोर धरला, अक्काने दांड्यावरची गाठ सोडली. मोटरचं वजन एकदम हातांवर आलं. आम्ही हळूहळू खाली सोडत गेलो. हिरवी चिंधी दांड्यावरून सरकून आत गेली, निळी गेली, जांभळीही गेली.

"बस," अक्का म्हणाली. कमरेची चिंधी काढून तिथे बांधायला लागली.

दगा भाऊ म्हणाले, "देखा! मी सांगं व्हतं. गाळ काढा नई, म्हनीसन पानी खाले गयं."

"पाऊसच पडना नई, तेले मी काय करू?" भटू आबा म्हणाले.

"पाऊस कमी पडनार म्हनीसनच ते सरकारनी पैसा दिधा व्हता ना?"

"तुना हिस्साना गाळ तू काढा का?"

दोघांचे आवाज चढले. माइक नव्हता, पण वरच्या गल्लीपर्यंत जात असावेत. दगा भाऊंनी हातवारे करायला एक हात सोडला, लगेच आबांनीही सोडला. मोटर दोन हात खाली घसरली. माझे तळवे सोलवटून निघाले आणि मी ओरडलो. अक्का चिंधीची गाठ मारता मारता थांबली. तिने वर पाहिलं.

"भांडा," ती म्हणाली. "गाळनं बी भांडा, पाऊसनं बी भांडा. पन दोर सोडू नका रे."

दोघांनी पटकन दोर धरला. आणि मग धरूनच भांडायला लागले.